कडेची जागा

पहाटे पाच

पुण्यात सदाशिव पेठेत, टिळक रस्त्याला मिळणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी आमचं सायकलचं दुकान आहे. वडिलांनी घातलं, आता मी चालवतो. शटर सातला वर जातं, पण पंप घेऊन मी पाचलाच पायरीवर बसतो. पेपर टाकणारी पोरं त्या वेळी कोपऱ्यावर जमतात. टेम्पोतून गठ्ठे उतरतात, पुरवण्या आत सरकवल्या जातात आणि जो तो आपापल्या लाइनचे अंक मोजून पिशवीत भरतो. एवढं ओझं कॅरिअरवर चढलं आणि मागच्या चाकात हवा कमी असली तर पहिल्याच खड्ड्यात ट्यूब जाते. म्हणून आधी माझ्याकडे.

या वेळी रस्ता मोकळा असतो असं सगळे म्हणतात. रहदारी नसते, एवढंच खरं. दोन्ही कडांना रात्रभराच्या मोटारी एकीला एक लागून उभ्या असतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या दारांसमोर दीड फुटाची फट सापडत नाही. पोरगं पेपर टाकायला तिसऱ्या मजल्यावर चढतं तेव्हा सायकल भर रस्त्यात स्टँडवर सोडून जातं. मागून दुधाचा टेम्पो आला की हॉर्न सुरू होतो, आणि वरून पोरगं ओरडतं, "आलो, आलो!" रात्रभर फुकट जागा वापरणारा माणूस झोपलेला असतो. अर्ध्या मिनिटापुरती सायकल टेकवणाऱ्याला मात्र शिव्या बसतात. हे मला रोज दिसतं आणि रोज खुपतं.

सव्वासहा

हेल्मेटवाले येतात. सिंहगडाच्या पायथ्याला किंवा कात्रजच्या घाटात जाऊन यायचं, म्हणून चाकात दाब मोजून हवा हवी असते. माणसं चांगली आहेत, सायकलीवर जिवापाड प्रेम करणारी. पण यांच्यातले बहुतेक जण आठच्या आत घरी परततात आणि दहाला मोटारीतून कामावर जातात. एकाला मी विचारलं होतं, सायकलनेच का जात नाही? तो म्हणाला, "काका, घाट चढायची भीती नाही वाटत. दहा वाजता टिळक रस्त्यावरून उजवीकडे वळायची वाटते."

सात ते साडेआठ

पूर्वी जून उजाडला की आमच्याकडे रांग लागायची. थोरल्याची सायकल धाकट्याला जायची, मग सीट खाली घ्यायची, चेन घट्ट करायची, ब्रेकचे गट्टू बदलायचे. आता शाळेच्या वेळेला गल्लीतून स्कूटरवर पुढे एक, मागे एक अशी मुलं जातात, नाहीतर व्हॅन. मुलांच्या सायकली अजूनही विकल्या जातात, पण त्या सोसायटीच्या आवारात फिरवण्यासाठी. आवार म्हणजे दोन मोटारींच्या मधला पट्टा.

आया सांगतात, रस्त्यावर पाठवायचा जीव होत नाही. मी त्यांना दोष देणार नाही. आठवीतली एक मुलगी मात्र रोज येते, हवा भरते आणि जाते. तिचे वडील रात्रपाळी करून आलेले असतात, सोडायला कुणी नसतं. ती शाळेपर्यंतचा सगळा रस्ता उभ्या गाड्यांच्या कडेकडेने काढते. मी तिला सांगितलंय, कडेला फार चिकटू नकोस. का, ते पुढे सांगतो.

साडेनऊ

आज पहिलं काम आठ पडलेल्या चाकाचं. पोळ्या करणाऱ्या मावशींची सायकल आहे. चार घरची कामं त्या या सायकलवर करतात. काल दुपारी कुमठेकर रस्त्यावर उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. मावशी खाली पडल्या, हाताला खरचटलं, आणि पुढचं चाक दाराच्या कडेवर आदळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं पिळलं गेलं. दार उघडणाऱ्याने सॉरी म्हटलं आणि तो गेला. चाकाचा खर्च मावशींचा, बुडालेल्या दोन घरांच्या पोळ्याही मावशींच्याच.

चाक सोडवून, टायर-ट्यूब उतरवून मी ते चिमट्यात उलटं लावलं. बोटात खडू धरून रिमच्या अगदी जवळ न्यायचा आणि चाक सावकाश फिरवायचं. जिथे रिम बाहेर आली असेल तिथे पांढरी रेघ उमटते. तिथल्या समोरच्या बाजूच्या तारा अर्ध्या फेऱ्याने आवळायच्या, रेघेकडच्या तेवढ्याच सैल करायच्या, पुन्हा फिरवायचं. घाई केली की एक आऊट निघतो आणि दुसरा तयार होतो. पाऊण तास गेला. दोन तारा तुटल्या होत्या, त्या नव्या घातल्या. रिम वाचली.

चाक पाहून अपघात कसा झाला ते मला बहुतेक वेळा कळतं. खड्ड्यात गेलेल्या रिमची कड चेपते, बाजूने काही आदळलं तर चाक पिळतं. या पेठांमध्ये पिळलेली चाकं फार येतात, आणि त्यांतली बरीच उभ्या मोटारींच्या दारांची असतात. पार्किंग म्हटलं की लोकांना गाडीने अडवलेली जागा दिसते. दाराने अडवलेली दिसत नाही.

मी टेप लावून मोजलंय. आमची गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत साधारण सात मीटर. साधी मोटार पावणेदोन मीटर रुंद, आणि उभी करताना भिंतीपासून थोडी लांब, म्हणजे धरा दोन मीटर. दोन्ही बाजूंना मोटारी असल्या की मध्ये तीन मीटर उरतात. दोन्हीकडची दारं उघडली तर प्रत्येकी पाऊण-एक मीटर आणखी. राहिला मधला जेमतेम सव्वा मीटर, आणि तिथूनच मोटारी, रिक्षा, टेम्पो सगळे जाणार. सायकलवाल्याने दारापासून हातभर लांब राहावं असं मी आठवीतल्या मुलीला सांगतो, तेव्हा मी तिला मागून हॉर्न वाजवणाऱ्या गाडीच्या पुढे ढकलत असतो. कडेला राहा सांगितलं तर मावशींसारखं होतं. तिसरा सल्ला माझ्याकडे नाही. तो रस्ता आखणाऱ्यांकडे आहे.

अकरा

इथे पी-१, पी-२ आहे. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. पाळलं तर निम्मी कड मोकळी राहते. पण मोकळी कड दिसली की तिथे कुणीतरी थांबतंच. आज दुकानासमोर, हवा भरायच्या जागेवर, एक पांढरी मोटार आली.

"साहेब, सायकली उभ्या राहतात इथे."

"काका, दोनच मिनिटं. औषध घेऊन आलो."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला दोनच मिनिटं लागली. पण तो गेला तेव्हा दुसरा कोपऱ्यावर वाट बघत होता, त्याचीही दोनच मिनिटं होती. अशा दोन-दोन मिनिटांनी माझी समोरची जागा साडेदहा ते एक भरलेली असते. टोइंगवाले आले की भोंगा ऐकून सगळे धावत येतात. दुचाकी उचलून गाडीवर चढवतात, मोटारीला फार तर चाकाला जॅमर लागतो.

मला मोटारवाल्याचा राग येत नाही. त्याला औषध हवं होतं आणि गाडी लावायला दुसरी जागा त्याला कुणी दाखवली नाही. मंडईजवळ मिनर्वा, आर्यन अशी महापालिकेची वाहनतळं आहेत, पण कड फुकट असताना तिथे पैसे देऊन कोण जाईल? २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण केलं होतं, रस्त्यावर गाडी लावायची तर तासाचे पैसे द्यायचे. शहरात मोठा विरोध झाला, पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि पुढे तेही बराच काळ कागदावरच राहिलं. त्याच वर्षी पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा माणसांच्या आकड्याच्या पुढे गेल्याची बातमी होती. पेठांमधले रस्ते वाडे असताना जेवढे होते, बहुतेक ठिकाणी तेवढेच आहेत.

फुकट जागा ही फुकट नसते, ती कुणाकडून तरी घेतलेली असते. आमच्या गल्लीत ती पायी चालणाऱ्यांकडून आणि सायकलवाल्यांकडून घेतली आहे.

दीड

पेठेतली दुकानं बंद होतात. मी डबा खातो. वडील वरून येऊन खुर्चीत बसतात. त्यांच्या हाताला अजून ग्रीसचा वास आहे असं त्यांना वाटतं, म्हणून जेवणाआधी दोनदा हात धुतात.

वडिलांच्या काळात सायकलला महापालिकेचा बिल्ला असे. दरवर्षी कर भरायचा आणि पत्र्याचा बिल्ला सायकलला लावायचा. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसलं तरी अडवायचा. दुकानात तासाच्या भाड्याने द्यायच्या सायकली असत, मागच्या मडगार्डवर रंगाने नंबर घातलेल्या. सिनेमाच्या थिएटरला, कॉलेजला, मंडईला, कचेऱ्यांना सायकल स्टँड होता. पास घ्यायचा, लोखंडी खाचेत पुढचं चाक घालायचं आणि निश्चिंत आत जायचं. वाड्यात बोळात, जिन्याखाली सायकली असत. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते उगाच नाही.

मग १९७२ मध्ये लूना आली, स्कूटरी वाढल्या, १९८३ मध्ये मारुती आली. लोकांना लांब जायचं होतं, शहर पसरत होतं, घाम न गाळता पोचायचं होतं. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण वडील एक गोष्ट सांगतात आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ते म्हणतात, आधी स्टँड गेले. थिएटरच्या सायकल स्टँडमध्ये स्कूटरी लागायला लागल्या, कारण स्कूटरचा पास जास्त पैशांचा. खाचा काढल्या, फरशी सपाट केली. मग वाडे पडून बिल्डिंगा झाल्या आणि जिन्याखालच्या जागेत मीटर आले. सायकल घेऊन गेलं तर ठेवायची कुठे, हा प्रश्न लोकांना पडायला लागला तेव्हाही रस्त्यावरून सायकल चालवणं तितकंसं अवघड नव्हतं. पुण्याने सायकल सोडली ती चढ आणि ऊन यांच्यामुळे, असं सांगणाऱ्यांना मी हे ऐकवतो. चढ आणि ऊन आधीही होतं.

साडेतीन

स्पर्धा परीक्षांची मुलं येतात. नांदेड, बीड, यवतमाळ, जळगाव, कुठून कुठून आलेली. कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेत दिवसभर. यांच्यातले काही जण जुनी सायकल घेतात, कारण खोली स्वस्त मिळते ती लांब आणि रोज रिक्षा परवडत नाही. जुन्या सायकलचं पूर्ण ओव्हरऑइलिंग करून, बेअरिंगचे छर्रे बदलून मी ती देतो. दोन-तीन वर्षं सहज चालते.

पण घेताना त्यांचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. "काका, चोरीला गेली तर?" अभ्यासिका पहिल्या मजल्यावर, खाली दुकानं, पुढे दुचाकींची तिहेरी रांग. सायकल त्या रांगेत घुसवायची तर कुणीतरी आपली स्कूटर काढताना ती बाजूला फेकतं. मडगार्ड वाकतो, तारा तुटतात. रेलिंगला साखळी घालून बांधावी, तर दुकानदार हटकतो. शेवटी पोरं सायकल खोलीवर ठेवून पायीच यायला लागतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती मलाच परत विकायला आणतात. चालू असलेली, धडधाकट सायकल. ठेवायला जागा नाही म्हणून परत आलेली. घेताना मला वाईट वाटतं.

२०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. पुढच्या वर्षी त्या शहरभर दिसायला लागल्या. लोकांनी चालवल्या, मीच पाहिलंय. पण उभ्या कुठे करायच्या? मोटारींच्या जागेला कुणी हात लावला नाही, म्हणून त्या फुटपाथवर रचल्या. मग चालणाऱ्या आजी-आजोबांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. रस्त्याची खरी कड मोटारींकडे ठेवून सायकल आणि पादचारी यांना उरलेल्या पट्ट्यात भांडायला लावलं, की दोघंही हरतात. वर्ष-दोन वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या, आणि पुणेकरांना सायकल नकोच आहे असा निष्कर्ष निघाला.

सहा

टिळक रस्ता भरतो. या वेळेला दुकानाबाहेर उभं राहून बघितलं तर सायकली दिसतात, फक्त बघणाऱ्याने बघायला पाहिजे. हॉटेलात भांडी घासणारी मुलं, एटीएमचे रखवालदार, इस्त्रीवाला मागे गाठोडं बांधून, सुतार दांड्याला करवत लावून. हेल्मेट नाही, दिवा नाही, समाजमाध्यमावर फोटो नाही. ही माणसं सायकल हौस म्हणून चालवत नाहीत. सायकल गेली तर त्यांची नोकरी लांब जाते. रस्त्याचं नियोजन करताना सायकलवाला म्हणून जो डोळ्यांपुढे येतो तो सकाळचा हेल्मेटवाला असतो. मला वाटतं, आधी यांना धरावं.

डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याआधीही मार्ग झाले होते. सातारा रस्त्यावर बीआरटीबरोबर केलेले मार्ग माझ्या माहितीचे आहेत, माझा मेहुणा त्या बाजूला राहतो. मार्ग असतो, मग मध्ये डीपी बॉक्स, मग बसथांबा, मग चढ नसलेली उंच कड, आणि पुढे तीन मोटारी. सायकलवाला एकदा उतरला, दोनदा उतरला, तिसऱ्यांदा तो मुख्य रस्त्यावरच राहतो. मग मोटारवाला म्हणतो, मार्ग दिलाय तर तिकडून जा की. सायकलसाठी राखलेल्या मार्गावर मोटार घालू नये हे केंद्राच्या रस्ते नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. लिहिलेलं राबवायला कुणी उभं राहत नाही.

जमत नाही असं मात्र नाही. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, लोक बाकांवर बसतात, तिथला धंदा बुडालेला नाही. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवतात. एका वर्षी त्या दिवशी मी दुपारी दुकान मुलावर सोपवून जाऊन आलो होतो. लहान मुलं रस्त्याच्या मधोमध चालत होती आणि त्यांचा हात कुणी धरला नव्हता. लक्ष्मी रस्त्यावर!

साडेआठ

शटर अर्धं ओढलं. आज शेजारच्या सोसायटीत बोलावणं होतं. तिथल्या एका निवृत्त बाईंनी मोटार विकली. त्यांची खालची पार्किंगची जागा रिकामी झाली आणि तिथे आपली दुसरी गाडी लावायला दोन जण टपलेले होते. बाई म्हणाल्या, इथे सायकली ठेवू द्या. सोसायटीत कामाला येणाऱ्या चार बायका, वॉचमन, भाड्याने राहणारी मुलं, सगळे सायकली बाहेर रस्त्यावर टाकतात.

एक जण म्हणाले, बिल्डरने जागा ज्यांना विकली त्यांचाच हक्क. सेक्रेटरींनी त्यांना शांतपणे सांगितलं की इमारतीखालची अशी उघडी जागा बिल्डरला विकताच येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. जागा सोसायटीची, काय करायचं ते सोसायटी ठरवेल. मग मला म्हणाले, "तुम्ही मोजून सांगा, किती मावतील?"

अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. खडूने रेघा मारल्या. सायकलची लांबी पावणेदोन-एक मीटर, हँडल अर्ध्या-पाऊण मीटरचं. दुकानातून सायकली आणून एक पुढे तोंड करून, एक मागे तोंड करून लावून दाखवल्या, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. दहा आरामात बसल्या आणि मागून माणूस जायला वाट राहिली. आणखी दोन बसतील, पण मग कामाच्या मावशींना आपली सायकल काढताना शेजारची उचलावी लागेल. दहाच बऱ्या, असं मी सांगितलं. एका मोटारीच्या जागेत दहा माणसांची कामावर जायची सोय. जागेवर टपून बसलेले गृहस्थही वाकून रेघा बघत होते.

वाद संपले नाहीत. कामवाल्या बायकांनी आत सायकल लावली तर सुरक्षेचं काय, असं एकाने विचारलं. रोज ज्यांच्या हातात घराची किल्ली देता त्यांची सायकल आत आली तर कसली भीती, असं बाईंनी विचारलं, आणि त्यावर कुणी बोललं नाही. महिना पन्नास रुपये घ्यावेत असं एक मत आलं. मोटारीला किती घेता, ते आधी ठरवा, असं दुसरं. तीन महिने फुकट ठेवून बघायचं यावर सह्या झाल्या.

खाचा नको, असं मी सांगितलं. नुसत्या खाचेत पुढचं चाक घातलं की धक्का लागून रिम वाकते, आणि तशी चाकं सरळ करण्यात माझं आयुष्य गेलंय. दीड इंची पाइपची कमान हवी, गुडघ्याच्या वर येईल एवढी, म्हणजे फ्रेम टेकते आणि साखळी फ्रेमला घालता येते. अशा पाच कमानी, दोन्ही बाजूंना एक-एक सायकल. सेक्रेटरींनी खर्च विचारला. मी शुक्रवार पेठेतल्या फॅब्रिकेटरला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, माप पाठवा, परवा वेल्डिंगला माणूस देतो.